पायी माणसाचा रकाना



  

रेल्वे अभियंत्यांच्या या संमेलनात अध्यक्षाने वर्षभरातल्या कामांचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. विरार-डहाणू चौपदरीकरण, पनवेल-कर्जत दुहेरी मार्ग, कल्याण-कसारा तिसरी मार्गिका, बोरिवली-विरार पाचवी-सहावी, कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी, अशी यादी मोठी आहे. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2008 मध्ये मंजूर झाली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाली. एवढ्या एका उदाहरणावरून उपनगरी मार्गावर रूळ वाढवणं किती जिकिरीचं आहे हे कळतं. बाकी तपशील स्मरणिकेत आहे, तो आपण वाचालच. मला आज एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. ती मी नोकरीत असताना फायलींवर लिहिली, बैठकांत मांडली, आणि प्रत्येक वेळी ती बाजूला ठेवली गेली. आज माइक माझ्या हातात आहे, तेव्हा ती पूर्ण सांगणार आहे.

रेल्वेचं फाटक बंद करायचं की ठेवायचं, तिथे पूल बांधायचा की नाही, हे आपण टीव्हीयूवर, म्हणजे ट्रेन-व्हेइकल युनिटवर, ठरवत आलो आहोत. दिवसभरात जाणाऱ्या गाड्यांच्या संख्येला फाटक ओलांडणाऱ्या वाहनांच्या संख्येने गुणायचं. मोटार, ट्रक, बैलगाडी, टांगा यांचं एक एकक, रिक्षाचं अर्धं. वर्षानुवर्षं एक लाख टीव्हीयू हा पुलाच्या मंजुरीचा उंबरठा होता. दिवसाला पाचशे गाड्या असल्या तर दोनशे वाहनांत तो गाठला जातो. या हिशेबात बैलगाडीला पूर्ण एकक आहे, टांग्याला आहे. पायी चालणाऱ्या माणसाला काहीच नाही. तो शून्य आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका उपनगरी स्टेशनाजवळच्या फाटकाच्या गणतीवर माझी नेमणूक झाली. एका बाजूला बाजार, दुसऱ्या बाजूला चाळी, शाळा आणि नगरपालिकेचा दवाखाना. सकाळी फाटक उघडलं की वाहनं हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी, आणि माणसांचा लोंढा. दप्तरं पाठीवर घेतलेली मुलं, डबेवाले, काठी टेकत दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं. छापील तक्त्यात त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. मी समासात उभी रेघ मारून माणसं मोजली. आठवड्याच्या शेवटी वाहनांची बेरीज एका ओळीत मावली आणि माणसांच्या आकड्यांनी समास भरून गेला. तो तक्ता वर गेला तेव्हा साहेबांनी समासावर लाल पेन्सिलीने काट मारली आणि म्हणाले, ‘नमुन्यात नसलेलं लिहायचं नसतं.’ पुढे तिथे पूल झाला, वाहनांसाठी. फाटकाच्या जागी भिंत आली. ती माणसं मात्र होती तिथेच राहिली, आणि काही दिवसांत त्या भिंतीला भगदाड पडलं.

मित्रहो, सकाळच्या सत्रात तीन वाद रंगले. या भगदाडातून पाहिलं की तिन्ही वादांचं उत्तर दिसतं, असं माझं ठाम मत आहे.

पहिला वाद: फाटक आधी हटवायचं की रूळ आधी वाढवायचे? काही तरुण सहकारी म्हणाले, मार्गिका टाका, फाटकाचं नंतर बघू. त्यांनी एकदा गर्दीच्या वेळी गेटमनच्या शेजारी उभं राहावं. फाटक सिग्नलशी बांधलेलं असतं. बूम खाली येऊन कुलूप पडल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही. एक टेम्पो बूमखाली अडकला की सिग्नल लाल राहतो आणि मागे लोकलमागे लोकल उभी राहते. तीन-चार मिनिटांना एक गाडी धावते अशा मार्गावर फाटक तीन मिनिटं उघडं राहिलं की प्रत्येक रुळावरच्या एका लोकलची वेळ गेली म्हणून समजा. दिव्याच्या फाटकाने हा धडा वर्षानुवर्षं साऱ्या मध्य रेल्वे मार्गाला शिकवला आहे.

आता रूळ वाढवून पाहा. समजा, एकेका रुळासाठी फाटक निम्मा वेळ बंद धरावं लागतं आणि प्रत्येक रुळावरची वाहतूक आपापल्या गतीने चालते. चार रूळ एकाच वेळी मोकळे मिळण्याचा काळ सोळाव्या हिश्श्यावर येतो. सहा रूळ झाले की तो चौसष्टाव्या हिश्श्यावर जातो. म्हणजे गाड्या थोपवल्याशिवाय फाटक उघडतच नाही. एका अनुभवी गेटमनने मला सांगितलं होतं, ‘साहेब, गाडीवाला हॉर्न वाजवत थांबतो. चालणारा थांबत नाही, तो वाकून जातो.’ ज्याची कामाची वेळ दहाची, ज्याच्या लेकराची शाळा सातची, तो किती वेळ थांबेल? म्हणून फाटक आधी. आणि फाटक हटवणं म्हणजे वाहनांना वर नेणं एवढंच नव्हे, पायी माणसाला आधी पार नेणं.

दुसरा वाद: वरून पूल की खालून भुयारी मार्ग? याचं उत्तर मला एका भाजीवालीने दिलं. फाटक बंद झाल्यावर ती टोपली घेऊन भिंतीच्या भगदाडातून रोज रूळ ओलांडायची. मी तिला अडवलं.

‘मावशी, पूल बांधलाय ना तुमच्यासाठी?’

ती म्हणाली, ‘साहेब, तो गाड्यांसाठी बांधलाय. डोक्यावर पाटी घेऊन एवढं चढायचं, परत उतरायचं. तुम्ही एकदा चढून दाखवा.’

मी चढलो. विजेच्या तारांमुळे पुलाची खालची बाजू रुळांपासून साडेसहा मीटरच्या वर ठेवावी लागते. गर्डरची जाडी धरली की वरचा रस्ता आठेक मीटरवर जातो. तीस मीटरला एक मीटर असा चढ दिला तर प्रत्येक बाजूला 240 मीटरचा उतार बांधावा लागतो. चार रुळांची जेमतेम पंचवीस मीटर रुंदी ओलांडायला मावशीने अर्धा किलोमीटर चालायचं, तेही मोटारींच्या कडेने. जिना काढला तर पन्नासेक पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. खालून जायचं म्हटलं तर माणसाला अडीच मीटर उंची पुरते, म्हणून उतरणं पुलाच्या चढाच्या निम्म्याहून फार अधिक होत नाही. चालू रुळांखालून काँक्रीटचे बॉक्स ढकलून असा मार्ग आपण कितीतरी ठिकाणी केला आहे. गाड्या वेगमर्यादेने चालू राहतात आणि काम होतं.

यावर पाणी तुंबतं ही हरकत सकाळी दोघांनी घेतली. हरकत खरी आहे. पण मी स्वतः उभा राहून करून घेतलेल्या एका मार्गाच्या तोंडाशी रस्त्यापेक्षा उंच उंबरठा ठेवला, वर छप्पर घातलं, पाण्याची टाकी खोल खणली आणि पंपासाठी जबाबदार माणूस नेमून घेतला. पावसाळ्यात लोक तिथून ये-जा करत राहिले. ज्या भुयारी मार्गात गुडघाभर पाणी साचतं, तिथे चूक भुयाराची नसते. बांधकामाच्या अंदाजपत्रकात पंपाचा पुढचा खर्च कुणी धरलेला नसतो.

तिसरा वाद सगळ्यात कटू. कारवाई वाढवा, दंड वाढवा, भिंती उंच करा, असं एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सुचवलं. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 नुसार रुळांवर बेकायदा शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मी विचारतो, ज्याची आपण गणतीत दखल घेतली नाही, त्याला गुन्ह्यात बरोबर शोधून काढायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने फेब्रुवारी 2012 मध्ये अहवाल दिला. त्यात देशभरात रूळ ओलांडताना दरवर्षी सुमारे पंधरा हजार माणसं मरतात आणि त्यातली सुमारे सहा हजार एकट्या मुंबई उपनगरी मार्गावर, असं स्पष्ट लिहिलं होतं. सगळी फाटकं पाच वर्षांत हटवा, त्यासाठी सुमारे पन्नास हजार कोटी रुपये लागतील, असंही त्यांनी सांगितलं होतं. ब्रॉडगेजवरची विनाचौकीदार फाटकं जानेवारी 2019 पर्यंत संपली, हे मोठं काम झालं आणि त्याचा मला अभिमान आहे. पण चौकीदार असलेली फाटकं उरली, आणि पायी माणसासाठीचा रकाना अजून उघडायचा आहे.

माझा एक मोटरमन मित्र होता. एका संध्याकाळी त्याच्या गाडीखाली एक शाळकरी मुलगी आली. ब्रेक लावूनही भरलेली लोकल जागच्या जागी थांबत नाही, हे आपण सगळे जाणतो. नियमाप्रमाणे कागद झाले, गाडी पुढे निघाली. नंतर तो मला म्हणाला, ‘तिथे पूर्वी फाटक होतं रे. फाटक होतं तेव्हा निदान गेटमन तिला थांबवायचा.’ त्याच्या या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. ते आज या व्यासपीठावरून द्यायचं आहे.

ही गोष्ट अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. टोकियोच्या ओदाक्यू मार्गावर शिमोकिताझावाजवळ मार्च 2013 मध्ये रूळ जमिनीखाली नेले. त्या टप्प्यातली नऊ फाटकं त्याबरोबर गेली, आणि मार्च 2018 मध्ये तिथून चार मार्गिका सुरू झाल्या. वर मोकळी झालेली जमीन पायी चालणाऱ्यांना आणि लहान दुकानांना मिळाली. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड रेल रोडने फ्लोरल पार्क ते हिक्सव्हिल या टप्प्यात तिसरी मार्गिका टाकली. रस्त्यांवरची फाटकं हटवण्याचं कामही त्यांनी त्याच प्रकल्पात घेतलं आणि 2022 च्या ऑक्टोबरमध्ये ती मार्गिका पूर्ण सुरू झाली. आपल्याकडे काय होतं? रुळांवरचा पूल रेल्वे बांधते, दोन्ही बाजूंचे उतार पालिका किंवा राज्य सरकार बांधतं आणि पादचाऱ्याचा मार्ग तिसऱ्याच निविदेत जातो. मधला गर्डर तयार होऊन वर्षानुवर्षं हवेत उभा राहतो, कारण उतारासाठी जमीन मिळालेली नसते. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात रूळ ओलांडणं रोखण्याचं स्वतंत्र काम धरलं, हे पाऊल योग्य आहे. पण ते पाऊल अपघात मोजून उचललं गेलं. जिवंत माणसं मोजून ते आधी उचललं पाहिजे.

म्हणून माझ्या अपेक्षा सांगतो. फाटकाच्या गणतीत पायी माणसाला एकक मिळावं. नव्या मार्गिकेच्या अंदाजपत्रकात त्या मार्गावरच्या प्रत्येक फाटकाचा पादचारी मार्ग त्याच रकमेत, त्याच ठेकेदाराकडे, त्याच तारखेला बांधलेला असावा. कळव्यापासून कसाऱ्यापर्यंत आणि पुढे इतर मार्गांवर आपल्या संस्थेने स्वतः पादचारी गणती हाती घ्यावी, त्यात तरुण सभासदांनी पुढे यावं. तिची पद्धत आणि खर्च कार्यकारिणी पुढच्या बैठकांत ठरवेल. निवृत्त मंडळींनी आपला वेळ द्यावा, मी माझा देतो.

आणि एक ठराव मी आजच मांडतो, तो उद्यावर टाकू नका. ज्या फाटकाच्या जागी पायी माणसाला पार जाण्याचा मार्ग तयार होऊन वापरात आलेला नाही, ते फाटक बंद करण्याच्या आणि त्या जागी नवी मार्गिका सुरू करण्याच्या कागदावर या संस्थेच्या एकाही अभियंत्याने सही करू नये. वरून दबाव येईल, बढत्या अडतील, बदल्या होतील. माझ्या झाल्या आहेत. तरीही सही करू नये. हा ठराव संमत करा, अशी माझी आपल्या सर्वांना हात जोडून विनंती आहे.