डिझेल गाडीतील दाबाचा साक्षीदार



कन्हानच्या काठी खापा, सावनेर, पारशिवनी या बाजूला जी गावे आहेत, त्यांचा संत्रा, कापूस, भाजी आणि अवेळी दवाखान्यात न्यावयाचा माणूस, हे सगळे आता डिझेलच्या गाडीवर विसंबून आहे. अशी गाडी चढावर एकाएकी मरगळली, किंवा सकाळी पाचपाचदा किल्ली फिरवूनही बोलेना, म्हणजे गॅरेजात एक वाक्य हटकून ऐकू येते : “इंजेक्टरचा सेन्सर गेला, बदलून टाका.” आज या एका वाक्याविषयीच बोलू. मी तर्कशास्त्र शिकवतो. पाना चालवणे हा माझा धंदा नव्हे. पण या वाक्यात पान्याचा जितका भाग आहे, तितकाच तर्काचाही आहे.

पहिली गोष्ट नावाची. बहुतेक गाड्यांत इंजेक्टरला स्वतःचा सेन्सर नसतोच. लोक ज्याला इंजेक्टरचा सेन्सर म्हणतात, तो इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या जाड पोलादी नळीवर बसवलेला असतो आणि त्या नळीतला दाब मोजतो. या नळीला रेल म्हणतात, आणि पद्धतीला कॉमन रेल. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्ग येथे यशस्वी झाले. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९७ साली, ही कॉमन रेल पद्धत प्रवासी मोटारीत आली. जुन्या इंजिनात पंप प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने वेगळ्या नळीतून डिझेल ढकलत असे. नव्या रीतीत पंप एकाच नळीत डिझेल दाबून भरून ठेवतो, आणि कोणता इंजेक्टर केव्हा उघडावयाचा हे गाडीतला संगणक ठरवतो. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले, तेव्हापासून ही रीत शेतातही उतरली आहे. तेव्हा हा विषय मोटारवाल्यांचाच आहे, असे कुणी समजू नये.

दाब केवढा, ते ऐका. इंजिन नुसते जागेवर फिरत असताना रेलमध्ये साधारण ३०० बार दाब असतो, आणि जोर लावला की तो १,६०० बारच्याही पुढे जातो. एक बार म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो भार. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर सोळा क्विंटल कापूस रचला, असे समजा!

हा दाब मोजणाऱ्या सेन्सरला सामान्यतः तीन तारा असतात. एकीतून त्याला ५ व्होल्ट मिळतात, दुसरी अर्थिंगची, आणि तिसरीतून तो संगणकाला उत्तर देतो. पुष्कळ गाड्यांत दाब शून्य असेल तर उत्तर अर्ध्या व्होल्टच्या आसपास, आणि दाब कमाल असेल तर साडेचार व्होल्टच्या आसपास येते. शिक्षक बंधुभगिनींना यात एक चांगले उदाहरण सापडेल. समजा, साडेचार व्होल्ट म्हणजे १,८०० बार. मग एका व्होल्टला ४५० बार पडले. तर ३०० बारला उत्तर किती यावे? सुमारे १.१७ व्होल्ट. वर्गातल्या मुलाला जे गणित येते, तेच गॅरेजात करावयाचे आहे.

आता तर्काचा भाग. सेन्सर हा साक्षीदार आहे. साक्षीदाराने वाईट बातमी सांगितली, म्हणजे तो खोटा ठरत नाही. गाडीला स्कॅनर लावला की एक आकडा दिसतो, आणि बरेच जण तिथेच थांबतात. वास्तविक त्या आकड्यांच्या दोन जाती आहेत. ‘पी ०१९२’ किंवा ‘पी ०१९३’ याचा अर्थ, साक्षीदाराचे बोलणेच विचित्र येत आहे, व्होल्ट फार कमी किंवा फार जास्त आहेत. इथे सेन्सर किंवा त्याच्या तारा यांच्यावर संशय रास्त आहे. पण ‘पी ००८७’ असेल, तर साक्षीदार एवढेच सांगतो की दाब कमी पडला. तो बहुधा खरे सांगतो! मग फिल्टर तुंबला आहे का, डिझेलात पाणी उतरले आहे का, नळीतून हवा ओढली जाते का, एखादा इंजेक्टर झिजून परतीच्या वाटेने डिझेल सोडतो आहे का, हे पहावे लागते. खाप्याच्या विणकरांना हे सांगावयास नको. कापडात दोष दिसला म्हणून कुणी आधी फणी फेकून देत नाही. ताण्याचा धागा कुठे तुटला ते मागे मागे जाऊन पाहतात.

आमच्या ओळखीच्या एका संत्रा बागाईतदाराच्या पिकअप गाडीत ‘पी ०१९३’ आला. एका गॅरेजात सेन्सर बदलला. आठ दिवसांत गाडी पुन्हा बंद. दुसरा बदलला, पुन्हा तेच. ऐन बहरात कळमन्याच्या बाजाराच्या दोन खेपा बुडाल्या. शेवटी वायरिंगचे काम करणाऱ्या एका तरुणाने सेन्सरचा प्लग काढून मीटर लावला. ५ व्होल्टची तार बॅटरीच्या ऋण टोकाशी मोजली, तर आकडा ठीक. तीच सेन्सरच्या अर्थिंगच्या तारेशी मोजली आणि वायरिंग हलवून पाहिले, तर आकडा नाचू लागला. तार उंदराने कुरतडली होती. अर्थिंग सुटली की उत्तराचे व्होल्ट वर चढतात, म्हणून संगणक ओरडत होता. तार सोल्डर केली, वर नळी चढवली, काम झाले. गाडी कोठ्याजवळ उभी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

म्हणून गॅरेजात आपण दोन गोष्टी जरूर मागाव्यात. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी इंजिन सुरू न करता किल्ली फिरवून स्कॅनरवर दाब पहावा. तो शून्याजवळ हवा. बंद इंजिनात दोनशे बार दाखवत असेल, तर साक्षीदार किंवा त्याची तार खोटी बोलते. आणि नवा सेन्सर विकत घेण्याआधी तिन्ही तारा मीटरने मोजाव्यात. कधी कधी हे ५ व्होल्ट दुसऱ्या सेन्सरांनाही वाटलेले असतात. मग दोष तिसरीकडेच असतो, हेही मिस्त्रीने तपासावे.

आणि आता जिवाची गोष्ट. आपल्याकडचे जुने मिस्त्री कोणता सिलिंडर मारत नाही ते ओळखण्यासाठी इंजिन चालू ठेवून नळीचा नट ढिला करीत. त्यांच्या पंपाला ते चालून गेले. कॉमन रेलवर ते कदापि करू नये. फटीतून सुटणारी डिझेलची बारीक धार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदून आत शिरते. गळती कुठे आहे हे पाहण्यासाठी बोटही फिरवू नये. लांबून पुठ्ठा धरावा. धार लागलीच तर सुईच्या टोचीएवढी खूण दिसते, दुखतही नाही, आणि माणूस म्हणतो, “काही नाही झालं.” काही तासांत हात सुजतो, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागतो. खूण कितीही लहान असो, त्याच क्षणी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि दाबाखालचे डिझेल आत गेले आहे, असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

सेन्सर खरोखरच गेला असेल, तर इंजिन बंद करून गाडीच्या पुस्तकात सांगितला आहे तेवढा वेळ थांबावे आणि स्कॅनरवर दाब उतरल्याची खात्री करावी. भोवतालची धूळ पुसूनच तो काढावा, कारण एक कण इंजेक्टरची नाजूक झडप खराब करावयास पुरतो. नवा सेन्सर हाताच्या अंदाजाने नव्हे, तर ठरलेल्या जोराने, माप दाखवणाऱ्या पान्याने आवळावा. काही गाड्यांत सेन्सर सुटा बदलण्याची परवानगीच नसते, सगळी रेल घ्यावी लागते. आणि काहींत बदलल्यावर संगणकाला नव्या सेन्सरची ओळख करून द्यावी लागते. हे दोन्ही खर्च आधी विचारून घ्यावेत, आणि काढलेला जुना सेन्सर मागून घ्यावा.