सवलत बिलात शोधा



इलेक्ट्रिक कारचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "सबसिडी किती मिळते?" मग कुणीतरी 'फाइल करून देणारा' एजंट सुचवतो. म्हणून आज फक्त हिशोबाचं बोलू.

केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना १ ऑक्टोबर २०२४ला सुरू झाली. ती दुचाकी, तीनचाकी, रुग्णवाहिका, ट्रक आणि बससाठी आखलेली आहे. खासगी कार तिच्यात नाही. त्यामुळे कारसाठी केंद्राची सबसिडी काढून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

मग सवलत कुठे आहे? बिलात. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. पेट्रोलच्या छोट्या गाडीवर तो १८ टक्के आहे, मोठीवर ४०. महाराष्ट्रात बारा लाखांच्या पेट्रोल कारला १२ टक्के रस्ता कर लागतो, म्हणजे साधारण १ लाख ४४ हजार. राज्याच्या २०२५च्या धोरणात इलेक्ट्रिक गाडीला तो माफ आहे. नोंदणी शुल्कही माफ आहे. थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सूट आहे. कोटेशनमध्ये या तिन्ही ओळी तपासा. 'आरटीओ खर्च' म्हणून ठोक रक्कम लिहिली असेल, तर ती कशाची हे लेखी मागा.

याच धोरणात किमतीवर १० टक्के सूटही आहे, पण तिला कमाल मर्यादा आहे आणि ती ठरावीक संख्येच्या गाड्यांनाच मिळते. आपल्या गाडीला ती मिळणार का, हे बुकिंगआधी विक्रेत्याकडून लिहून घ्या.

गाडी दहा लाखांच्या वर असेल तर विक्रेता १ टक्का टीसीएस घेतो. बारा लाखांवर बारा हजार. हा तुमच्या नावावर जमा झालेला आयकर आहे. विवरणपत्र भरलं की तो देय करातून वजा होतो किंवा परत मिळतो. विवरणपत्रच भरलं नाही, तर हे पैसे तिथेच राहतात.

आता व्याजाचं. इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरील व्याजासाठी आयकरात दीड लाखापर्यंत वजावट होती, पण ती ३१ मार्च २०२३पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच. तेव्हा 'कर वाचेल, कर्ज घ्या' हा सल्ला आज नव्या गाडीला लागू होत नाही. आपल्यातले अनेकजण व्याज नको म्हणून वर्षानुवर्षं पैसे साठवून गाडी घेतात. त्यांना त्या वजावटीचा उपयोग कधीच नव्हता. पण मी वर सांगितलेली प्रत्येक सवलत स्वतःच्या पैशाने गाडी घेणाऱ्यालाही तेवढीच मिळते. सवलतीसाठी कर्ज काढायची आणि मन मारायची गरज नाही.

शेवटी एवढंच. या सवलती म्हणजे कुणाची मेहेरबानी नाही, नागरिक म्हणून तो आपला हक्क आहे. शासन निर्णय मराठीत असतो, सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो. शोरूममध्ये जाण्याआधी तो स्वतः वाचा, आणि मोहल्ल्यात कुणी गाडी घेत असेल तर त्यालाही वाचून दाखवा.