पग मागे येतो, पण ऊन त्याला झेपत नाही

२००३ मधली हचची जाहिरात आठवते? पोरगा जाईल तिथे मागे मागे जाणारा पग? नसेल पाहिली तर यूट्यूबवर बघा. पगचा स्वभाव खरंच तसा आहे. चीनच्या राजवाड्यांत तो राखणीसाठी नाही, सोबतीसाठी पाळला जायचा. म्हणून खेळकर, हट्टी, खादाड आणि माणसाला चिकटलेला. एकटा राहिला की कासावीस होतो.

आता गंमत बाजूला ठेवू. कुत्रा अंग गार करतो ते मुख्यतः धापा टाकून. पगचं नाक चपटं, श्वासाची वाट अरुंद. आपल्या संभाजीनगरात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. तरीही भर दुपारी तुम्ही पट्टा हातात घेतलात, तर तो खुशीत निघेल आणि दमला तरी मागे येत राहील. त्यामुळे 'आत्ता नको' हे तुम्हीच ठरवायचं.

फिरवायचं सकाळी ७ च्या आत, नाहीतर रात्री रस्ता गार झाल्यावर. गळ्याला पट्टा नको, छातीचा हार्नेस घ्या. घरघर वाढली किंवा जीभ निळसर दिसली, तर सावलीत आणा, अंगावर साधं पाणी घाला आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

आणि घर दिवसभर बंद राहणार असेल, तर पग आणूच नका. भेटू पुढच्या भागात!