विरजणाची रात्र

आज रात्री तुमच्या घरी कुणीतरी कोमट दुधाला विरजण लावील, पातेल्यावर झाकण ठेवील आणि बजावील, ‘‘आता हलवू नका रे!’’ त्या पातेल्यात रात्रभर काय चालतं, ते आज पाहू.

दूध दिसतं एकजीव. पण त्यात स्निग्धाच्या थेंबांखेरीज केसीन या प्रथिनाचे असंख्य गोळे तरंगत असतात. एका मिलिमीटरच्या रेघेवर सहा-सात हजार मावतील, इतके बारीक. पाण्याचे रेणू त्यांना सारखे ढकलतात, ते एकमेकांवर आदळतात, पण चिकटत नाहीत. कारण प्रत्येकाच्या अंगावर लव असते आणि तिच्यावर ऋण विद्युतभार. शेजारी जवळ आला की लोटला जातो.

विरजणातले जिवाणू दुधातली साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. दुधाचा सामू ६.६ च्या आसपास असतो. तो हळूहळू ४.५ कडे उतरतो. तसतसा लवेवरचा भार जातो, लव बसते. आता टक्कर झाली की गोळे चिकटतात. दोनाचे चार होतात, चारांची माळ, माळेला फांद्या, आणि पहाटेपर्यंत पातेल्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाळं. जिवाणूंनी आम्ल तेवढं पुरवलं. विणणारं कुणीच नव्हतं.

गाईच्या शंभर ग्रॅम दुधात पाणी सुमारे ८७ ग्रॅम, केसीन जेमतेम अडीच-पावणेतीन. दह्यातही पाणी जवळपास तेवढंच. तरी पातेलं तिरकं केलं तर दही ओघळत नाही. एवढ्याशा प्रथिनाने सगळं पाणी धरून ठेवलेलं असतं. चमचा घातला की तिथलं जाळं फाटतं आणि खळग्यात निवळ साचते. आपण म्हणतो, दह्याला पाणी सुटलं.

आता उकळत्या दुधात लिंबू पिळा. गोळे तेच, काम आम्लाचंच. पण जाळं पसरायला सवडच नाही. सापडेल त्याला सापडेल तो चिकटतो. चोथा एकीकडे, पाणी एकीकडे. दूध फाटलं!

म्हणजे थंडीत पातेलं उबेला ठेवायचं ते जिवाणूंसाठी, आणि हलवायचं नाही ते जाळ्यासाठी. अर्धवट लागलेलं दही ढवळलं, तर तुटलेले धागे पुन्हा तसे जुळत नाहीत. घरच्या आजीला केसीन ठाऊक नसेल, पण तिचा हुकूम अगदी बरोबर आहे.