बारावीनंतरचा प्रवेश, पैसा आणि शाळेचे काम



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने साहित्य, इतिहास, समाजकारण अशा विषयांवर विद्वानांची भाषणे आपण ऐकली आहेत. माझा विषय त्या मानाने रुक्ष आहे. बारावी झालेल्या मुलाला महाविद्यालयात जागा कशी मिळते आणि तिचे पैसे कोठून उभे राहतात, एवढाच तो आहे. शाळेचे काम दहावीच्या निकालाच्या फलकापाशी संपते, अशी आपली समजूत आहे. ती मला मान्य नाही, म्हणून हा विषय मी मागून घेतला.

थोडे मागचे सांगतो. महाराष्ट्रात १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. कर्नाटकात खासगी महाविद्यालये त्याआधीपासून होती आणि देणगीचा प्रकार इतका वाढला, की १९८४ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने 'फ्री सीट' आणि 'पेमेंट सीट' हे शब्द घराघरांत पोहोचविले आणि १९९४ पासून कर्नाटकात सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. पुढे २००२ चा टी. एम. ए. पै आणि २००५ चा इनामदार हे निकाल आले, त्यांच्या तपशिलात मी शिरत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. पूर्वी प्रवेशासाठी ओळख लागे. आता गुणानुक्रम लागतो, हे चांगलेच झाले. पण गुणानुक्रमाबरोबर नियमांचे एक जंगल आले. ज्या घरात आधी कोणी महाविद्यालयात गेलेले नाही, त्या घराला त्यातून वाट दाखविणारा माणूस मिळत नाही.

आपल्या बेळगाव भागात तर हे जंगल दुहेरी आहे. कर्नाटकाच्या जागांसाठी परीक्षा प्राधिकरण मुलाच्या शिक्षणाची वर्षे मोजते. पहिली ते बारावीत किमान सात वर्षे राज्यात शिकल्याचा दाखला हा सर्वसाधारण मार्ग. पहिली ते दहावी खेड्यातच शिकलेल्या मुलाला ग्रामीण आरक्षणाचा लाभ आहे. कन्नड माध्यमाचा जो वेगळा लाभ आहे, तो आपल्या माध्यमाच्या मुलांना अर्थातच नाही. दुसरीकडे महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात सीमाभागातील मराठी भाषकांसाठी 'ई' हा उमेदवारीचा स्वतंत्र प्रकार आहे. त्यासाठी गाव वादग्रस्त सीमाभागातील असल्याचा एक आणि मातृभाषा मराठी असल्याचा दुसरा, असे दोन दाखले लागतात. गंमत अशी, की दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत, गडहिंग्लज येथील कन्नड भाषकांसाठी कर्नाटकाच्या नियमांतही असेच एक कलम आहे. दोन्ही सरकारे न्यायालयात भांडत असली, तरी प्रवेशपुस्तिका लिहिताना त्यांनी एकमेकांकडे पाहिलेले दिसते!

आणखी एक गाठ आरक्षणाची. एका राज्याचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्यात आरक्षणासाठी चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगितले आहे. येथे '३ ब' प्रवर्गात मोडणारा मराठा विद्यार्थी तोच दाखला घेऊन कोल्हापूर-पुण्याकडे निघतो, तेव्हा त्याला हे कोणीतरी आधी सांगितलेले असावे. कागद तपासणाऱ्या टेबलामागे मी बरीच वर्षे बसलो आहे. तेथे पोहोचल्यावर सांगून उपयोग नसतो.

आता पर्यायांची यादी. माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान येथे होते, आणि तेही चांगल्या मुलांचे. संगणकावर महाविद्यालयांचे पर्याय क्रमाने भरायचे असतात. घरात भीती असते, म्हणून 'हमखास मिळणारे' महाविद्यालय वर आणि मनातले खाली लिहिले जाते. व्यवस्था कशी चालते, हे कळले तर असे कोणी करणार नाही. मुलाचा क्रमांक आला, की यंत्र त्याची यादी वरून वाचत येते आणि रिकामी असलेली पहिली जागा देऊन थांबते. वरचा पर्याय मिळाला नाही, तर खालच्या पर्यायावरील हक्क तसूभरही कमी होत नाही. म्हणजे जे खरोखर हवे, ते वर लिहिण्यात काडीचा धोका नाही. उलट हमखास मिळणारे वर लिहिले, तर तेच मिळते आणि त्याखालचे सर्व पर्याय पुसले जातात.

जागा मिळाल्यावर कर्नाटकाच्या पद्धतीत चार उत्तरांपैकी एक द्यावे लागते. पहिले, जागा मान्य आहे, प्रवेश घेतो. दुसरे, जागा हाती ठेवतो, पण वरच्या पर्यायांसाठी पुढच्या फेरीत उभा राहतो. तिसरे, ही जागा नको, पुढच्या फेरीत पाहू. चौथे, प्रक्रियेतूनच बाहेर पडतो. दुसरे आणि तिसरे यांतला फरक न समजल्याने हातची जागा गेलेली मुले मी पाहिली आहेत. सायबर कॅफेतला मुलगा घाईत बटण दाबतो आणि वडील बाहेर सायकलजवळ उभे असतात. त्या वेळी शेजारी बसून 'थांब, वाच' म्हणणारा एक शिक्षक हवा.

आता पैसा. मदत नाही असे नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती पहिल्या वर्षात प्रवेश घेणाऱ्या मुलींना वर्षाला ५०,००० रुपये देते. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असावे लागते. कर्नाटकात मंजूर जागांवर पाच टक्के अधिक जागा शिकवणी शुल्क माफ असलेल्या आहेत, त्यांनाही उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांचीच. मात्र तो दावा मूळ अर्जातच करावा लागतो. बारावीत मंडळाच्या वरच्या वीस टक्क्यांत आलेल्या आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे, पदवीला वर्षाला १२,००० रुपये. या सर्वांची किल्ली एकच, ती म्हणजे उत्पन्नाचा दाखला. तो नाडकचेरीतून काढावा लागतो आणि निकालानंतर तेथे जी रांग लागते, ती आपण पाहिलीच आहे. डिसेंबरात जाणाऱ्याला रांग नसते.

कर्जाविषयी आपल्या समाजात दोन टोके आहेत. एक वर्ग कर्जाच्या नावानेच दचकतो आणि मुलीला बी. एस्सी.ला बसवितो, दुसरा डोळे मिटून सही करतो. हिशेब सोपा आहे. वर्षाला एक लाख याप्रमाणे चार वर्षे कर्ज उचलले, व्याज दहा टक्के सरळ धरले आणि अभ्यासक्रमानंतर एक वर्षाची सवलत धरली, तर पहिला लाख पाच वर्षे, दुसरा चार, तिसरा तीन आणि चौथा दोन वर्षे व्याज खातो. एकंदर १,४०,००० रुपये. हप्ता सुरू होताना देणे चार लाख नव्हे, ५,४०,००० असते आणि दहा वर्षांच्या मुदतीत महिना सुमारे ७,१०० रुपये पडतात. तेच व्याज शिकत असताना भरत गेले, तर पहिल्या वर्षी महिना सुमारे ८३३ रुपये लागतात, चौथ्या वर्षी ३,३३३, आणि पुढचा हप्ता सुमारे ५,३०० वर येतो. हा तक्ता कर्ज घेण्याआधी घरात मांडावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक दर्जेदार संस्थांसाठी तारण वा जामीनदार लागत नाही, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात तीन टक्के व्याज-अनुदान आहे. ठरावीक संस्था, हे शब्द नीट ऐकावेत. प्रवेश घेण्याआधी त्या यादीत महाविद्यालय आहे का, हे पाहिले पाहिजे.

एवढे सांगूनही खरी अडचण उरतेच, आणि ती सांगण्यासाठीच मी आज उभा आहे. शिष्यवृत्ती नंतर येते आणि शुल्क आधी भरावे लागते. जागा मिळाल्यावर पैसे भरायला तीन-चार दिवस असतात. बँकेची मंजुरी त्यात बसत नाही, शिष्यवृत्ती तर महिन्यांनी खात्यात पडते. त्या चार दिवसांसाठी कोणी मंगळसूत्र गहाण ठेवतो, कोणी सावकाराकडे जातो, आणि कोणी मुकाट्याने जागा सोडून देतो. सोडलेल्या जागेची नोंद कोठेच होत नाही.

आपला माजी विद्यार्थी संघ दरवर्षी पहिल्या पाच मुलांना रोख बक्षीस, शाल आणि श्रीफळ देतो. मला कटु बोलायचे नाही. परंतु ज्याला नव्वदच्या वर गुण आहेत, त्याचे पाच हजारांवाचून काही अडत नाही. तीच रक्कम फिरत्या निधीत टाकावी. जागेचे पत्र आणि कर्ज अथवा शिष्यवृत्तीच्या अर्जाची पोच दाखविणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्याला बिनव्याजी रक्कम द्यावी, धनादेश थेट प्राधिकरणाच्या वा महाविद्यालयाच्या नावाने काढावा, आणि पैसा आला की तो परत घ्यावा. एकच रक्कम दरवर्षी नव्या मुलांना पुरेल. काही बुडेलही, ते गृहीत धरावे.

सोबत शाळेने एक खोली द्यावी. सात वर्षांचा अभ्यासदाखला आणि ग्रामीण दाखला यांचा उगम शेवटी शाळेच्याच नोंदवहीत आहे. मुख्याध्यापकांची सही मिळवायला मुलाला मे महिन्यात तीन खेपा का पडाव्यात? आपल्यापैकी कोणी बँकेत आहेत, कोणी महसूल खात्यातून निवृत्त झाले आहेत, कोणी महाविद्यालयांत शिकवितात. महिन्यातून दोन शनिवार पुरे. मूळ प्रमाणपत्रे संस्थेला अडकवून ठेवता येत नाहीत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. ती अधिसूचना छापून त्या खोलीच्या दारावर लावावी.

अध्यक्षमहाराज, संघाची वार्षिक सभा याच सभागृहात भरते. निधीचा ठराव तेथे मी मांडतो. अनुमोदक मिळाला, तर पहिल्या पाच हजारांचा धनादेश त्याच दिवशी कोषाध्यक्षांकडे देईन.