बाबेलच्या कैद्यांना लिहिलेलं पत्र



1893 साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. त्याआधी ते इथेच नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं काम करत. डब्यातल्या एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं गिरिप्रवचन वाचताना टिळक त्यात गुंतले, ते कायमचे. त्यांना शांती मिळाली, असं आपण सहज म्हणतो. पण 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ते दिवस ठाऊक आहेत. बायबलमधली शांती आयुष्य निवांत करून देत नाही, एवढं आधी मान्य करू या.

हा ग्रंथ बराचसा धामधुमीतच घडला. गिरिप्रवचन ऐकणारी माणसं रोमन सत्तेखाली होती. फिलिप्पैकरांना आनंदाविषयी लिहिणारा प्रेषित पौल स्वतः बंदिवासात होता. पण युक्रेन आणि गाझाच्या बातम्यांनी झोप उडते, तेव्हा मी बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याकडे वळतो.

इ.स.पू. 597 मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेम घेतलं आणि तिथला राजा, सरदार, कारागीर यांना कैद करून नेलं. मागे उरलेल्यांत हनन्या नावाचा संदेष्टा होता. दोन वर्षांत सगळे परत येतील, असं तो देवाच्या नावाने सांगत सुटला. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मयाने मात्र कैद्यांना पत्र धाडलं आणि त्यात सत्तर वर्षं सांगितली. पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना आपलं गाव पुन्हा दिसणार नव्हतं! तरी तो त्यांना घरं बांधायला सांगतो, बागा लावायला, मुलाबाळांची लग्नं करायला सांगतो. आणि ज्या शहरात त्यांना कैद करून नेलं, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करायला सांगतो.

याच पत्रातलं आशेचं एक वचन अनेक ख्रिस्ती घरांत भिंतीवर टांगलेलं असतं. ते सत्तर वर्षांपासून तोडून वाचलं, तर तोही हनन्याचाच दिलासा होतो. खोट्या भरवशाला नकार दिल्यावर जे स्थैर्य येतं, तेच टिकतं, असं मला वाटतं. त्या स्थैर्याने हात रिकामे राहत नाहीत, ते वाफे खणू लागतात.

पत्रात सांगितलेली शत्रूच्या शहरासाठीची प्रार्थना मात्र अवघड आहे. आपल्या नागपुरात अंबाझरीला आयुधनिर्माणी आहे. युद्ध आपल्याला परकं नाही, आणि सीमेवर मुलगा असलेल्या आईला हे सांगताना माझीही जीभ अडते. तरीही पत्रातलं ते वाक्य मला गाळता येत नाही.

तेव्हा एक विनंती. यिर्मयाचे 28 आणि 29 हे दोन अध्याय सलग, घरात मोठ्याने वाचा. आणि प्रार्थनेत ज्या शहराचं नाव घेणं तुम्हाला सर्वांत जड जातं, ते घ्या.