पाडव्याला कागदाचा झेंडू


चैत्र शुद्ध प्रतिपदा, म्हणजे आपला गुढीपाडवा, जवळ आलाय.

तोरणातली आंब्याची पानं खरीच हवीत.
झेंडू मात्र यंदा घरी करू या, कागदाचा.

पतंगाचा पिवळा किंवा केशरी कागद घ्या.
पाच-सहा चौकोन एकावर एक ठेवा.
एकदा पुढे, एकदा मागे, अशा बारीक चुण्या घाला.
मधोमध दोरा घट्ट बांधा.
दोन्ही टोकं कात्रीनं गोल कापा.

आता घाई नको.
एकेक थर अलगद वर उचला, मधल्या दोऱ्याकडे.
ओढलात, तर कागद फाटतो.
म्हणून पुन्हा सांगते,
एकेक थर… आणि अलगद.
मुलांची इवली बोटं हे काम फार सुरेख करतात!

फूल, पान, फूल, असं सुतळीत ओवा.
आणि एक विनंती.
हे तोरण निरांजन आणि उदबत्तीपासून लांबच बांधा.